बॅकअप हिरवा, रिस्टोअर मात्र होईना: डेटाबेस आणि व्हीएम सांभाळताना या चुका टाळा

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचाच डेटा उडवला. बॅकअप आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. शोधायला गेले तर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२ ची डम्प (डेटा फाइलमध्ये उतरवणारी) कमांड चालत होती, त्यामुळे बॅकअप दर वेळी फसत होता आणि फसल्याचे ईमेल डीमार्क या बनावट ईमेल रोखणाऱ्या नियमामुळे नाकारले जात होते. योगायोगाने सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) सापडला, म्हणून निभावलं. कंपनीने ही हकीगत स्वतःहून जाहीर केली, हे फार मोलाचं वाटतं.

तेव्हा पहिली चूक: मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालणं. यशाचा अहवालही रोज यायला हवा आणि तो आला नाही तर विचारणारं माणूस हवं.

दुसरी चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती महिनोन्‌महिने दिसतच नाही. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतला डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असतो, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद (लॉग) तिचा बॅकअप होईपर्यंत जपली जाते. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप घेतो. तिकडे व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) बॅकअप घेणारी टीम आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग ट्रंकेट (रिकामा) करण्याचा पर्याय चालू ठेवते. दोन्ही जॉब हिरवे. प्रत्यक्षात रात्री लॉगचा एक तुकडा कुठेही न साठवता टाकून दिला जातो आणि लॉग बॅकअपची साखळी तुटते. रिस्टोअर करताना ४३०५ क्रमांकाची एरर येते: हा लॉग पुढचा आहे, मधला द्या. मधला असतोच कुठे?

शंका आली तर एमएसडीबी या एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधल्या बॅकअपच्या नोंदी उघडा. फाइलच्या मार्गाऐवजी ‘नल’ दिसलं, तर लॉग फेकला जातोय. लॉग कोण घेणार, हे एकदाच ठरवा. डीबीए घेणार असेल, तर व्हीएमच्या जॉबमध्ये ‘कॉपी ओन्ली’ (इतर बॅकअपना धक्का न लावणारी प्रत) निवडा. नाहीतर डिफरन्शियल (फक्त बदललेल्या भागाच्या) बॅकअपचा पायाही त्या जॉबकडे सरकतो.

उलट, लॉगची फाइल फुगत चालली असेल तर बहुधा लॉग बॅकअप होतच नाहीये. घाईने सिंपल मॉडेलवर (जिथे लॉगचा बॅकअप घेता येत नाही) नेऊन फाइल लहान करू नका. त्यानेही साखळी तुटते.

व्हीएसएस या, चालू डेटाची सुसंगत प्रत घेणाऱ्या विंडोजच्या सेवेची तक्रार आली, तर ‘व्हीएसएसअॅडमिन लिस्ट रायटर्स’ चालवून कोणता रायटर (व्हीएसएसशी बोलणारा त्या त्या प्रोग्रामचा भाग) अडला ते पाहा. तो त्रास टाळायला अॅप्लिकेशन-अवेअर (डेटाबेसला आधी सावध करून प्रत घेणारा) पर्यायच बंद करणारे लोक भेटतात. मग मिळते ती अचानक वीज गेल्यासारखी प्रत. बहुतेकदा ती उठते. पण ‘बहुतेकदा’ पगाराच्या डेटाबेसला चालत नाही.

व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरमध्ये बॅकअपनंतर मागे राहिलेले स्नॅपशॉट दर आठवड्याला तपासा. ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं खुद्द व्हीएमवेअरच सांगतं. ते वाढत जाऊन डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइल्सची साठवण) भरला की व्हीएम थांबतं.

शेवटी रिस्टोअरची चाचणी. एक फाइल परत आणून समाधान मानू नका. अख्खा डेटाबेस वेगळ्या नेटवर्कवर उठवा, ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही डेटाबेस तपासणारी कमांड चालवा, किती वेळ लागला तो लिहून ठेवा. आणि बॅकअपच्या एन्क्रिप्शनचा पासवर्ड कुठे ठेवलाय ते आजच पाहा. तो ज्या पासवर्ड व्हॉल्टमध्ये आहे, तो व्हॉल्ट याच बॅकअपमधल्या एखाद्या व्हीएमवर असेल, तर एक प्रत कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.