भंगारातला दरवाजा, फेंडर, बॉनेट: आपल्या गाडीला बसेल का, हे कसं तपासावं?

कुर्ल्यात जुन्या पार्ट्सच्या ढिगासमोर उभं राहिलं की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "सेम टू सेम आहे साहेब, बसेल." या भरवशावर मी एकदा स्विफ्टचा पुढचा बंपर रिक्षात कसाबसा कोंबून घरी आणला. गाडी २०१३ ची, बंपर मात्र २०१४ च्या फेसलिफ्टनंतरचा, म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलचा तोंडावळा थोडा बदलल्यानंतरचा. लांबून भाऊ-भाऊ दिसणारे दोन्ही बंपर जवळून वेगळे निघाले. माझी जाळी त्यात बसेना आणि फॉगलॅम्पची झाकणंही बसेनात.

तेव्हापासून मी आधी आरसी बघतो. त्यात नोंदणीच्या तारखेशिवाय गाडी बनल्याचा महिना आणि वर्षही असतं, आणि पार्ट शोधताना तेच धरायचं. डिसेंबरात बनलेली गाडी मार्चमध्ये विकली जाते, आणि मालक वर्षानुवर्षं एक साल पुढचं सांगत राहतो. मग आपल्या मॉडेलची पिढी ओळखा. स्विफ्ट आपल्याकडे २००५ मध्ये आली. पुढच्या पिढ्या २०११, २०१८ आणि २०२४ च्या. पिढी बदलली की पत्रा विसरायचा. पिढी तीच, पण मध्ये फेसलिफ्ट झालं असेल तर दरवाजे बहुधा जमतात. बंपर, जाळी आणि दिवे यांच्याबाबत मात्र सावध राहायचं.

भावंड गाड्यांचा फायदा जरूर घ्या, पण डोळे उघडे ठेवून. २०१९ ची टोयोटा ग्लान्झा म्हणजे जाळी आणि बिल्ले बदललेली बलेनोच, त्यामुळे त्या गाडीचा दरवाजा शोधताना बलेनोचा ढीगही चाळता येतो. उलट २०१८ ची स्विफ्ट आणि २०१७ ची डिझायर तोंडावळ्याने जवळच्या, तरी स्विफ्टच्या मागच्या दाराचा हँडल वर काचेच्या कडेला आणि डिझायरचा दारावरच. नाव जवळचं म्हणून दार जवळचं नसतं.

दुकानात जाताना जमलं तर जुना पार्टच टेम्पोत घालून न्या. याहून चांगलं माप नाही. मधे कितीही चेपलेला असू दे, आपल्याला कडा आणि बोल्टची भोकंच हवी असतात. फेंडरवर (पुढच्या चाकावरच्या पत्र्यावर) फेंडर ठेवून भोकं जुळवा. पार्ट नेता येत नसेल तर दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं लिहून घ्या आणि फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा.

फेंडरवर इंडिकेटरचं भोक आहे का ते बघा. काही मॉडेलांत खालच्या व्हेरियंटला इंडिकेटर फेंडरवर असतो, वरच्याला आरशात. जास्तीचं भोक बुजवायचं तर पुन्हा डेंटरची मजुरी. बॉनेटला बिजागऱ्या, कुलपाची जागा आणि वॉशरच्या नोझलची भोकं एवढं पाहिलं की भागतं.

खरी डोकेदुखी दरवाजाची. बाहेरून अगदी जुळ्या दिसणाऱ्या दोन दारांत एकाला हाताने फिरवायची काच असते, दुसऱ्याला पॉवर विंडो. आतला पत्रा आणि भोकं त्यानुसार वेगळी असू शकतात. वायरिंगच्या प्लगचा आकार आणि पिना मोजा, सेंट्रल लॉक आहे का विचारा, आरशाची बैठक ताडून बघा. कुलूप मात्र स्वतःच्या जुन्या दाराचंच काढून बसवा, नाहीतर खिशात दोन किल्ल्या. दाराच्या आतली आडवी पोलादी दांडी वाकलेली किंवा वेल्ड केलेली असेल तर फुकट मिळालं तरी दार घेऊ नका. बाजूने धडक बसली तर तीच आधार असते.

प्लास्टिकच्या बंपरच्या आतल्या बाजूला बरेचदा पार्ट नंबर कोरलेला असतो. तो टिपून कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर चेसिस नंबरसह विचारा. मी हे त्या बंपरच्या वेळी केलं असतं तर रिक्षाचे पैसे वाचले असते.

मग पत्र्याची तब्येत. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. जिथे ते सुटतं, तिथे लांबी (चेप बुजवायची पुट्टी) भरलेली असते. (बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल तर ही युक्ती चालत नाही.) दाराची खालची दुमडलेली कड नखाने खरवडा, समुद्राकाठच्या गाड्यांचा गंज तिथूनच वर चढतो. रंगालाही फसू नका. मारुतीचा साधा पांढरा आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट बाजारातल्या छपराखाली एकच वाटतात. उन्हात शेजारी ठेवले की फरक कळतो.

छत आणि मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) हे वेल्ड केलेले भाग असतात. ते कापून आणलेले तुकडे घेण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

पक्कं बिल मागाच. पार्ट कोणत्या गाडीचा, हे दुकानदार सांगत नसेल तर निघा; चोरीच्या गाडीचा माल असेल तर तो घेणाराही अडचणीत येतो. बिलावरच लिहून घ्या: "बसला नाही तर चार दिवसांत परत." आणि पेंटरकडे नेण्याआधी दार कच्चं बसवून, दोन-चारदा उघडून मिटून, चहूकडची फट सारखी येते का ते बघा. रंग लागल्यावर कोणताही दुकानदार माल परत घेत नाही.