टॅरोचे पत्ते जोडून कसे वाचावेत

टॅरो म्हणजे प्रश्न विचारून चित्रांवरून वाचायचे पत्ते. त्या 78 पत्त्यांचे अर्थ पाठ झाले तरी दोन पत्ते शेजारी आले की गाडी अडते. मीही आधी दोघांचे अर्थ सांगून मध्ये 'आणि' टाकायचो. पण क आणि ष जोडले की क्ष होतो. त्यात क शोधून सापडत नाही. पत्त्यांचंही तसंच.

सुरुवात रायडर-वेट गड्डीने करा. 1909 साली निघालेल्या या गड्डीत पामेला कोलमन स्मिथने लहान, म्हणजे अंकांच्या पत्त्यांवरही माणसं रंगवली, त्यामुळे जोडी डोळ्यांनीच वाचता येते.

एक पत्ता कायम ठेवून शेजारी बदलत जा. मी सेव्हन ऑफ पेंटॅकल्स घेतो. दांड्यावर हनुवटी टेकून झाडाला लागलेली नाणी बघणारा तो माणूस म्हणजे धुऱ्यावर उभा राहून पऱ्हाटीची बोंडं मोजणारा आमचा कास्तकारच. शेजारी टेन ऑफ वँड्स ठेवा, दहा काठ्यांची मोळी कवेत घेऊन निघालेला: पीक आलं, आता ओझं वाहायचं. तो काढून एट ऑफ कप्स ठेवा, रात्री पाठ फिरवून चाललेला: आता तोच कास्तकार वावर सोडायच्या विचारात दिसतो. जोडीचं एकच वाक्य करा, क्रियापद एकच.

लहान पत्त्यांच्या चार गटांची चार तत्त्वं: वँड्स अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या जुन्या इंग्रजी मंडळाच्या पद्धतीत अग्नी-जल आणि वायू-पृथ्वी एकमेकांचा जोर कमी करतात. हे सावकाश शिकलं तरी चालतं. उलटे पत्ते तर पहिले काही महिने सरळच करून वाचा.

तीन पत्त्यांत मधला मुख्य, बाजूचे त्याची विशेषणं. आणि चित्रातल्या माणसाची नजर कुठे आहे ते बघाच.

परवा ओसरीवर शेजारच्या काकूंनी विचारलं, "कापूस आत्ताच इकू का ठेवू, बाप्पा?" डावीकडे मून, मध्ये सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, उजवीकडे टेन ऑफ वँड्स. मधल्याची नजर डावीकडे, चंद्राच्या अंधुक उजेडात. ओझं त्याच्या पाठीमागे.

"भाव पत्त्यांत नसतो काकू, तो बाजार समितीत विचारा," मी म्हणालो. नवखे इथे खुलाशासाठी चौथा पत्ता ओढतात आणि खिचडी करतात. मलाही मोह झाला. त्याऐवजी मोळीवर बोट ठेवलं. "हे मागचं ओझं कशाचं?"

"तुले नाई माईत का? सोसायटीचं कर्ज हाये ना!"