प्ले घालवायला स्प्रिंग टाकताय? या चुका टाळा

खानापूरकडचे एक काका ३ एचपीची मोटर टेम्पोत घालून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे आले. "वाइंडिंग नवं, बेरिंगं नवी, तरी घुमतीय बघा. आवाज जाईना की हो." मागचं कव्हर काढलं. बेरिंग बसतं त्या घराच्या तळाशी लाटेसारखा वॉशर असायला हवा होता, तिथं सपाट वॉशर निघाला. कुणीतरी मूळचा वेव्ह वॉशर बघून 'हा वाकलाय' म्हणत फेकून दिला असणार, आणि त्या जागी चांगला सरळ बसवला. मन लावून केलेली चूक होती ती.

नव्या बेरिंगमध्येही थोडी मोकळीक, म्हणजे प्ले, असतेच. बेरिंगवर अक्षाच्या दिशेनं हलका दाब नसेल तर गोळ्या लोळायच्या ऐवजी घसरतात, शाफ्ट मागे-पुढे हलतो आणि मोटर घुमते. हा दाब द्यायचं काम त्या वाकड्या वॉशरचं, तो म्हणजे एक स्प्रिंगच. मोटरीला आवाज कमी हवा असेल तर साधा हिशोब असा : बेरिंगचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, ५ ते १० नं गुणा, तेवढे न्यूटन. ६२०४ नंबरच्या बेरिंगचा आतला व्यास २० मिमी, म्हणजे १०० ते २०० न्यूटन. साधारण दहा ते वीस किलो, त्याहून जास्त नको.

इथपर्यंत बहुतेकांचं जमतं. घोटाळा पुढं होतो. कॅटलॉग उघडायचा, ४७ मिमीच्या (६२०४ चा बाहेरचा व्यास) घरात बसेल असा वॉशर शोधायचा, मोकळी उंची (न दाबलेल्या स्प्रिंगची) बघायची आणि ऑर्डर टाकायची. स्प्रिंग ज्या फटीत बसणार ती फट कुणी मोजतच नाही. आमच्याकडे आलेल्या दहा तक्रारींत सात-आठ वेळा स्प्रिंग निर्दोष निघते, दोष फटीच्या हिशोबात असतो.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. ड्रॉइंगवर फट २.५ मिमी. हौसिंगच्या (मोटरीच्या बाहेरच्या खोक्याच्या) लांबीला ±०.१, शाफ्टच्या दोन खांद्यांमधल्या अंतराला ±०.१, कव्हरच्या स्पिगॉटला (हौसिंगमध्ये बसणाऱ्या कडेला) ±०.०५. इथं बरेच जण थांबतात आणि बेरिंगची रुंदी विसरतात. ६२०४ ची रुंदी १४ मिमी लिहिलेली असते, पण साध्या दर्जात ती ०.१२ नं कमी असू शकते. दोन बेरिंगं म्हणजे ०.२४. सगळं वाईटात वाईट धरलं तर फट २.२५ पासून २.९९ पर्यंत कुठंही येते.

आता २.५ वर १५० न्यूटन देणारी स्प्रिंग घेऊ. तिचा कडकपणा (एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर) मिलिमीटरला २०० न्यूटन असेल तर २.२५ वर दाब २०० होतो, तो चालेल. पण २.९९ वर तो जेमतेम ५२ राहतो, आणि ती मोटर घुमणारच. तीच स्प्रिंग मिलिमीटरला १०० न्यूटनची घेतली, म्हणजे मोकळी उंची ४ मिमी, तर दाब १७५ ते १०१ च्या आत राहतो. कडक स्प्रिंग म्हणजे जास्त खात्री, हा समज डोक्यातून काढा. प्ले घालवायला मऊ आणि जास्त दबलेली स्प्रिंग बरी.

मऊ करायचा सोपा मार्ग पत्रा पातळ करणं. कडकपणा जाडीच्या घनात बदलतो, ०.५ चा ०.४ केलात तर तो जवळपास निम्म्यावर येतो. पण त्याच दाबाला पत्र्यातला ताण दीडपटीहून वाढतो, तेव्हा ताण तपासल्याशिवाय पातळ करू नका. उंचीला जागा असेल तर दोन-तीन वेढ्यांची वेव्ह स्प्रिंग घ्या. लाटांच्या संख्येत गंमत करू नका, तिचा परिणाम चौथ्या घातात होतो : तीनच्या चार लाटा केल्या की स्प्रिंग तिपटीहून कडक. आणि वेव्ह वॉशर दाबला की बाहेर पसरतो, त्यामुळे घराच्या व्यासात मोकळीक ठेवा. पूर्ण सपाट होईपर्यंत तर दाबूच नका.

बेलव्हिल वॉशरच्या (बशीसारख्या स्प्रिंग वॉशरच्या) चुका वेगळ्या. सहा वॉशर एकाआड एक उलटसुलट रचले तर दाब एकाचा, सरक (दबून सरकायचं अंतर) सहाची. सहाही एकाच दिशेला रचले तर दाब सहापट, सरक एकाची, वर घर्षण वेगळं. ड्रॉइंगवर इंग्रजीत 'सीरीज' (म्हणजे उलटसुलट रचना) लिहून भागत नाही. आमच्याकडे ड्रॉइंग इंग्रजी, टर्नर कन्नड, फिटर मराठी. भांडण मात्र तिन्ही भाषांत होतं. रचनेचं चित्र काढून टेबलावर चिकटवलं तेव्हापासून ते थांबलं.

प्लेटिंगनं आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. गंज नको म्हणून कार्बन स्टीलच्या वॉशरांना झिंकचं प्लेटिंग करून आणलं. संध्याकाळी बसवले, सकाळी उघडून बघतो तर त्यातले तीन तडकलेले. ॲसिड आणि प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ताणाखालचा वॉशर काही तासांनी अचानक तुटतो. प्लेटिंगनंतर लगेच साधारण २०० अंशांवर काही तास भाजून घ्यायला हवं होतं, ते प्लेटिंगवाल्याला सांगायचं आमच्याकडूनच राहिलं. आता ओलाव्याच्या जागी आम्ही सरळ स्टेनलेस स्प्रिंग वापरतो.

जिथं हेलिकल (तिरक्या दात्यांचा) गिअर ४०० न्यूटननं शाफ्ट ढकलतो आणि दिशाही बदलते, तिथं १५० न्यूटनच्या स्प्रिंगचा उपयोग नाही. शाफ्ट स्प्रिंग दाबून सरकेल आणि ठोका बसेल. तिथं टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचं) बेरिंग आणि शिम (फट भरायची पातळ चकती) वापरा.

जोडणी झाल्यावर शाफ्टच्या टोकाला डायल (हालचाल मोजायचं काट्याचं गेज) लावा, हातानं स्प्रिंगच्या दिशेला जोरात रेटा आणि सोडा. काटा शून्यावर परतला पाहिजे. मध्येच अडकला तर स्प्रिंग बदलू नका. बेरिंगची बाहेरची रिंग घरात घट्ट बसलीय, ती सरकतच नाही. काकांच्या मोटरीत नवा वेव्ह वॉशर घातल्यावरही काटा अडकला होता. घर ०.०२ मिमीनं मोठं केलं, तेव्हा कुठं तो परतला.