तलावाला मिळणाऱ्या लहान नदीकाठच्या शेतीसाठी पावसाळ्यापूर्वीचा सल्ला

लहान नदीचे पाणलोट क्षेत्र आटोपशीर असते, त्यामुळे जोराच्या पावसानंतर काही तासांतच तिला पूर येतो आणि तो तितक्याच झपाट्याने ओसरतो. पूर आल्यावर धावपळ करून काही साधत नाही. काठावरची कामे पहिल्या पावसाआधीच उरकावी लागतात. त्यासाठी आपले शेत उगमाकडे आहे, मधल्या वळणांवर आहे की तलावाच्या तोंडाशी आहे, हे आधी पाहावे, कारण तिन्ही ठिकाणी नदीचे वागणे वेगळे असते.

उगमाकडे उतार तीव्र आणि मातीचा थर उथळ असतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर साधारण चौपट होतो, म्हणून येथे नांगरट आणि पेरणी उताराला आडवीच करावी आणि ओघळ लहान असतानाच तिच्यात दगडांचे अडथळे रचावेत. 1 हेक्टरवरून केवळ 1 मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला तरी 10 घनमीटर माती जाते, म्हणजे सुमारे 12 ते 14 टन. आणि ती शेतातली सर्वांत सुपीक माती असते.

मधल्या टप्प्यात वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ खचतो आणि आतल्या अंगाला वाळू साचते. खचणाऱ्या काठाची उभी कड जवळून पाहिली तर बहुधा तळाशी वाळूचा किंवा गोट्यांचा थर आणि वर पोयटा (बारीक गाळाची माती) दिसतो. पाणी आधी खालची वाळू ओढून नेते, वरचा पोयटा अधांतरी लोंबकळतो आणि पूर ओसरताना भिजून जड झालेला तो भाग पिकासकट कोसळतो. त्यामुळे अशा काठापर्यंत पीक नेऊ नये. किमान 5 ते 10 मीटरचा पट्टा सोडून त्यावर वाळा, निर्गुडी, बांबू आणि स्थानिक गवत लावावे. वाळ्याची मुळे अनुकूल जमिनीत 3 मीटरपर्यंत खोल जातात. एवढी जमीन सोडणे जिवावर येते हे खरे, पण ती न सोडल्यास नदी त्याहून अधिक घेऊन जाते. वळण मोडून पात्र सरळ करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण प्रवाहाची लांबी घटली की उतार वाढतो, तळ खरवडला जातो आणि काठच्या विहिरींची पाणीपातळीही खाली जाऊ शकते.

तलावाशी येताच नदीचा वेग मरतो. जाड वाळू तोंडाशीच बसते, पोयटा थोडा पुढे जातो आणि चिकणमाती खोल पाण्यापर्यंत पोहोचते. पहिल्या पुराचे पाणी पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळीही ते गढूळच राहिले, तर वरच्या शेतांतून बारीक माती सुटते आहे असे समजावे. या मातीला चिकटून स्फुरद (फॉस्फरस) तलावात उतरते, तर नत्र (नायट्रोजन) विरघळून जाते. त्यातून शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती जनावरांना विषारी असतात, म्हणून दाट हिरवा तवंग आलेल्या पाण्यावर गुरे नेऊ नयेत. नत्राची मात्रा हप्त्यांनी द्यावी आणि मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर तो हप्ता लांबवावा. गाळपेर जमीन, म्हणजे तलावाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन, सुपीक असली तरी तिची खोल नांगरट करू नये. मोकळी झालेली माती पुढच्या पुरात सरळ तलावात जाते.

तलावाचा कोरडा पडलेला गाळ उन्हाळ्यातच उचलावा. तो हलक्या, मुरमाड जमिनीत फार उपयोगी पडतो, पण आधीच भारी असलेल्या जमिनीत टाकल्यास निचरा बिघडतो. माती परीक्षण करून, ढेकळे फोडून, पातळ थरात तो पसरावा. पाणी उपसण्याच्या नळाचे तोंड नदीमुखाच्या गाळात न ठेवता तळापासून वर बांधावे आणि काठावरच्या मोटारी पहिल्या पुराआधी उंचावर हलवाव्यात.