सिमेंटच्या चद्दरीत ॲस्बेस्टॉस आहे का, कसं तपासायचं

इंदूरच्या जुन्या वाड्यांच्या पडव्या, गच्चीवर मागाहून चढवलेल्या खोल्या, सांवेर रोडवरच्या शेड: डोक्यावर करडी, पन्हळी सिमेंटची चद्दर असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून छातीत गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू) आहे असं धरूनच चाला. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या चद्दरीवर बंदी नाही, त्यामुळे ‘घर तर नवंच आहे’ याला अर्थ नाही. चद्दरीवर आयएस ४५९ छापलेलं दिसलं तर प्रश्नच मिटला; ते मानक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या पन्हळी चद्दरींचंच आहे. छाप पुसला असेल तर नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. बिनॲस्बेस्टॉसची फायबर सिमेंट चद्दरही हुबेहूब तशीच दिसते.

पाहणी खालून किंवा शिडीवरून करा. सहा मिलिमीटरची जुनी चद्दर माणसाचं वजन पेलत नाही. छताचा कच्चा नकाशा काढून त्यावर तडे, तुटक्या कडा, जे-हुकची (चद्दर सांगाड्याला बांधणाऱ्या वाकड्या बोल्टची) भोकं टिपा. पाण्याची जुनी टाकी आणि गच्चीवरून उतरणारे करडे पाइप विसरू नका. कारखान्यात मात्र आधी बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं जुनं लेपन पाहा, मग गॅस्केट आणि भट्टीच्या दाराची दोरी. चद्दरीत तंतू सिमेंटमध्ये जखडलेले असतात. लेपन बोटाने चुरगळतं आणि तंतू थेट हवेत जातात. म्हणून अशा लेपनाला स्वतः हात लावू नका, जाणकार बोलवा.

चद्दरीचा नमुना घ्यायचाच असेल तर पंखा बंद, घरची माणसं बाहेर. एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क नाकावर घट्ट बसायला हवा, एन-९५ पुरत नाही. कापडी रुमाल काही कामाचा नाही. फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घ्या. साबणाशिवाय पाणी वरच्यावर ओघळतं. आधीच तुटलेल्या कडेवर ते मारा, मुरू द्या आणि पकडीने नखाएवढा तुकडा काढा. तो झिपच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत. वर जागा आणि तारीख. ओल्या फडक्याने जागा पुसा, कडेला रंग लावा, फडकंही पिशवीत बंद करा. झाडू नाही, घरचा व्हॅक्यूमही नाही: त्याच्या फिल्टरमधून बारीक तंतू सरळ बाहेर येतात.

प्रयोगशाळा एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेली) हवी, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाने तपासणार ना, हे आधी विचारा. लेपनाचा नमुना जाणकारच घेईल, पण तो पूर्ण जाडीचा लागतो. वरच्या थरात काही सापडलं नाही तरी आतला थर निराळा असू शकतो.

अहवालात ॲस्बेस्टॉस आला आणि चद्दर धड असेल, तर ती आहे तशीच राहू द्या. खरी गडबड पावसाळ्याआधी होते: तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणं, ग्राइंडरने कड कापणं, प्रेशर पंपाने धुणं. पन्हाळीतला गाळही कोरडा उपसू नका. झिजलेल्या चद्दरीचे तंतू तिथेच साचतात. चद्दरी काढायच्याच असतील तर ओल्या करून अखंड उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. भंगारवाल्याला देऊ नका. इंदूरजवळ पीथमपूरला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आहे, चद्दरी उतरवण्याआधी तिथे चौकशी करून ठेवा.