बागेवरून विजेची लाइन जाणार असेल तर

आमच्या देवगडकडे मोजणीवाले बागेत शिरले की पहिली आरोळी ठरलेली: ‘माझ्या जमनीत पाय ठेवूचो नाय!’ त्याने फार तर एखादा दिवस काम थांबतं. मी आधी चहा विचारते, मग आदेशाची प्रत मागते. कुठल्या कायद्याखाली आलात, यावर पुढचं सगळं ठरतं.

एरवीच्या लाइनला वीज कंपन्यांच्या कामांबाबतच्या २००६ च्या नियमांप्रमाणे मालकाची आगाऊ संमती लागते. हरकत घेतलीत, तर कंपनीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आमच्याकडे ओरोसहून, लेखी परवानगी आणावी लागते. भरपाई किंवा वार्षिक भाडंही तिथेच ठरतं. हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या.

वीज कायदा, २००३ च्या कलम १६४ चा आदेश हातात असेल, तर मात्र संमती लागत नाही. सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. तिथे कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार मिळालेले असतात. तरी जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क. नुकसान कमीत कमी करायचं आणि पुरेपूर भरपाई द्यायची, हे तार कायद्यातच आहे. रक्कम पटली नाही तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

तेव्हा भांडायचं ते रकमेवर, आणि पुरावा कुऱ्हाड पडायच्या आधी गोळा करायचा. प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घाला. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजा, टेपचा आकडा दिसेल असा फोटो काढा. कलमी की रायवळ, वय किती, लिहा. सातबाऱ्यावर झाडं चढलेली नसतील तर आधी तलाठ्याकडे जा. नोंद नसलेल्या झाडाचे पैसे मागताना घसा सुकतो. वाशीच्या दलालाच्या मागच्या हंगामांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) जपून ठेवा, झाड किती देतं ते त्यातच दिसतं. पंचनाम्यात ‘आंबा, १२ नग’ एवढंच खरडून सही मागतात. घेर, वय, जात उतरल्याशिवाय सही नाही. फारच घाई केली, तर सहीशेजारी ‘हरकत राखून’ लिहा.

टॉवरचा हिशोब वेगळा. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ६६ केव्ही (किलोव्होल्ट) आणि त्यावरच्या लाइनसाठी टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई धरलीय. टॉवरची जागा म्हणजे चार पायांमधली, अधिक प्रत्येक बाजूला एक मीटर. टेप आपणही धरायचा. राज्याचा चालू शासन निर्णय कोणता, ते प्रांत कार्यालयात विचारा.

सामायिक सातबारा असेल, तर मुंबईच्या चुलत्यांना आधीच फोन करा. वाटणीवरून वाद झाला, की कंपनी पैसे कोर्टात भरून मोकळी होते आणि आपण तारखा मोजत बसतो.

लाइनजवळ पडवी वाढवायची असेल, तर ११ केव्हीच्या तारेपासून आडवं किमान १.२ मीटर आणि छपरापासून उभं ३.७ मीटर अंतर हवं. तेवढं नसेल तर बांधायच्या आधी लाइन हलवायचा अर्ज द्या. त्याचीही पोच घ्या.