पहिली-दुसरीच्या वर्गातील विशेष गरजा असणारे मूल : प्रमाणपत्राची वाट न पाहता शिक्षकाने काय करावे

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो तेव्हा एखादे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, एखादे परिपाठाला ध्वनिक्षेपक सुरू होताच कानांवर हात घट्ट दाबून धरते, एखाद्याच्या बोटांत पेन्सिल टिकत नाही, तर एखादे दिवसभरात एक शब्दही बोलत नाही. अशा मुलाबद्दल शाळेत बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा. प्रमाणपत्र आवश्यक आहे आणि ते कसे मिळवावे हे पुढे सांगितलेच आहे. परंतु त्याची वाट पाहण्यात अर्धे वर्ष गेले, तर सहा वर्षांच्या मुलासाठी तो फार मोठा काळ असतो, आणि वर्गात करावयाचे बहुतेक बदल कोणताही कागद हाती नसताना दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करता येतात. पुढील सूचना अशा शिक्षकांसाठी आहेत, ज्यांच्या वर्गात चाळीस मुले आहेत आणि ज्यांनी विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात ठाऊक असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. सहा ते अठरा वर्षे वयाच्या, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास नजीकच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे. मात्र भेदभाव न करता प्रवेश देणे, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करणे आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातील विशिष्ट अडचण) लवकरात लवकर ओळखून योग्य ते अध्यापन करणे ही कलम १६ मधील कर्तव्ये ४० टक्क्यांच्या अटीवर अवलंबून नाहीत. त्यामुळे 'कागद आणा, मग पाहू' हे उत्तर कायद्यालाही धरून नाही.

आधी निरीक्षण

पहिले दोन-तीन आठवडे एका साध्या वहीत नोंदी ठेवाव्यात. 'हट्टी आहे', 'लक्ष देत नाही', 'मंद आहे' ही वाक्ये नोंदी नव्हेत, ते निकाल आहेत. 'गोष्ट सांगताना पहिली काही मिनिटे बसला, शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाल्यावर उठून दाराशी गेला' ही नोंद आहे, कारण तिच्यातून पुढे काय करावे हे सुचते. वर्तनाबरोबरच त्याच्या आधी काय घडले, वेळ कोणती होती आणि मूल नंतर कशाने शांत झाले हेही लिहावे. मुलाला काय छान जमते याचीही नोंद तितक्याच काळजीने करावी, कारण शिकवण्याची सुरुवात तिथूनच होणार असते.

बुद्धीविषयी कोणताही तर्क करण्याआधी कान आणि डोळे यांचा विचार करावा. जे मूल बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहते, प्रश्न एक असताना उत्तर भलतेच देते, ज्याचा कान वाहतो किंवा सर्दी झाली की ज्याचे लक्ष अचानक कमी होते, त्याला कमी ऐकू येत असण्याची शक्यता असते. पुस्तक नाकाशी धरणारे, मान वाकडी करून फळ्याकडे पाहणारे किंवा शेजाऱ्याच्या पाटीवरूनच उतरवून घेणारे मूल कदाचित फळाच पाहू शकत नसेल. मुलाच्या मागे उभे राहून हळू आवाजात नाव घेणे ही तपासणी नव्हे, पण तपासणीला पाठवावे की नाही याचा अंदाज त्यातून येतो.

दुसरी सावधगिरी भाषेची आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिली किंवा पावरी, तांड्यावरील गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला पहिलीत प्रमाण मराठी समजत नसेल, तर तो त्याचा दोष नाही आणि ते दिव्यांगत्वही नाही. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर कित्येक महिने बाहेर राहिलेले मूल मागे पडते, ते शाळा बुडाल्यामुळे. असे मूल आपल्या भाषेत मित्रांशी भरभरून बोलते का, खेळाचे नियम पाळते का, भावंडांना सांभाळते का, हे पाहावे. तिथे ते सहज वावरत असेल, तर त्याला आधी त्याच्या भाषेचा आधार हवा आहे. स्वतःच्या भाषेतही ते अडखळत असेल, तर पुढील तपासणी लांबवू नये.

ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांची गल्लत पहिलीत सर्रास होते. मराठीत संख्येचे नाव एककापासून सुरू होत असल्याने 'त्रेचाळीस' ऐकून मूल आधी ३ आणि मग ४ लिहिते, हेही स्वाभाविक आहे. एवढ्यावरून अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारू नये. मात्र भरपूर सराव आणि वेगवेगळ्या पद्धती वापरूनही दुसरीच्या अखेरीस तीच गल्लत कायम राहिली, तर ती तारखांसह नोंदवून ठेवावी.

पालकांशी बोलणे आणि तपासणीचा मार्ग

शाळेच्या फाटकात, इतर पालकांच्या देखत हा विषय काढू नये. वेळ ठरवून बोलवावे आणि शक्यतो आईबरोबर वडिलांना व घरातील आजीलाही बोलवावे, कारण घरी सारा दोष एकट्या आईच्या माथी मारला जाण्याचा धोका असतो. बोलण्याची सुरुवात मुलाला काय जमते यापासून करावी, मग वहीतील दोन-तीन प्रसंग जसेच्या तसे सांगावेत आणि घरी काय दिसते ते विचारावे. शिक्षकाने स्वतः निदान सांगू नये. 'स्वमग्नता' (ऑटिझम) किंवा 'मतिमंदत्व' असा शब्द शिक्षकाच्या तोंडून ऐकलेले कुटुंब पुढे शाळेपासून दूर जाऊ शकते. 'याचे कान एकदा तपासून घेऊ या' हे वाक्य पालकांना झेपते आणि ते खरेही असते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाड्यांत दोनदा येते. पथक येण्याच्या दिवशी नोंदवही समोर ठेवावी, नाहीतर गर्दीत हे मूल वजन-उंची घेऊन पुढे सरकते. गरज भासल्यास पथक मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. एनसीईआरटी या राष्ट्रीय शैक्षणिक संस्थेच्या 'प्रशस्त' या दिव्यांगत्वाच्या प्राथमिक पडताळणी सूचीचा पहिला भाग वर्गशिक्षकाने आणि दुसरा विशेष शिक्षकाने भरावयाचा असतो. त्यातून निदान होत नाही, परंतु निरीक्षणाला शिस्त येते. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या तज्ज्ञांना मुख्याध्यापकांमार्फत लेखी कळवावे, म्हणजे श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची अशा साहित्य-साधनांच्या मोजमाप शिबिराची माहितीही वेळेवर मिळते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे विशिष्ट ओळखपत्र) यांसाठी शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तो भरताना अनेक पालकांना मदत लागते आणि शाळेने ती अवश्य करावी.

वर्गात काय बदलावे

बसण्याची जागा हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवले, पण शिक्षक खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, तर त्यांचा चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. प्रकाश शिक्षकाच्या तोंडावर पडेल अशी जागा निवडावी आणि फळ्याकडे तोंड करून बोलणे टाळावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाचे यंत्र सुरू आहे का, हे रोज सकाळी पाहावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमटपणामुळे यंत्र बिघडते. रात्री ते काढून ओलावा शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवण्यास पालकांना सांगावे.

सूचना देताना आधी मुलाचे नाव घ्यावे, थांबावे आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. 'वह्या काढा, तारीख लिहा आणि कालचे उदाहरण पूर्ण करा' यात तीन सूचना आहेत. अनेक मुलांच्या हाती त्यांपैकी पहिलीच लागते. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावावा : परिपाठ, भाषा, मधली सुट्टी, गणित, खेळ, घरी जाणे. एक तास संपला की त्याचे चित्र मुलाने स्वतः उलटावे. स्वमग्न मुलांना पुढे काय होणार हे कळल्याने फार दिलासा मिळतो; क्रम बदलणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा. परिपाठाचा आवाज सहन होत नसेल, तर त्या मुलाला ध्वनिक्षेपकापासून दूर उभे राहू द्यावे किंवा वर्गात बसून ऐकू द्यावे. पोषण आहारातील खिचडी ते दूर सारत असेल, तर त्यामागे चव नसून तिचा मऊ स्पर्श असू शकतो; जबरदस्तीने भरवू नये, घरचा डबा आणण्याविषयी पालकांशी ठरवावे.

ज्यांना पेन्सिल धरणे अवघड जाते, त्यांच्यासाठी जाड खडू, पाटी आणि धूळपाटी यांचा भरपूर वापर करावा. पेन्सिलीभोवती कापडाची पट्टी गुंडाळली तरी पकड सुधारते. फळ्यावरून उतरवून घेणे हे या वयात वाटते त्याहून अवघड काम आहे, म्हणून अशा मुलाच्या शेजारी तोच मजकूर पाटीवर लिहून ठेवावा, लेखन निम्मे करावे आणि उरलेले उत्तर तोंडी घ्यावे. गणितात चिंचोके आणि काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे शक्य तितके दिवस हातात राहू द्यावेत. चार गठ्ठे डावीकडे आणि तीन सुट्या काड्या उजवीकडे ठेवल्या की 'त्रेचाळीस' उच्चारात जे उलटे वाटते ते डोळ्यांना सरळ दिसते.

मदतनीस मित्र असावा, परंतु तोच मुलगा किंवा तीच मुलगी वर्षभर नको. दर आठवड्याला नाव बदलावे. विशेष गरजा असणाऱ्या मुलालाही कोणाला तरी मदत करण्याचे काम मिळावे, मग ते खडू वाटण्याचे का असेना. 'तो असा का करतो?' असे इतर मुलांनी विचारले, तर विषय टाळू नये. 'मोठा आवाज त्याच्या कानांना दुखतो, म्हणून तो कान झाकतो' एवढे खरे आणि सोपे उत्तर सहा वर्षांच्या मुलांना पुरते.

शौचालयाचा प्रश्न दबक्या आवाजात बोलला जातो, पण त्यापायी अनेक मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आधाराचा दांडा, जवळ पाणी, नीट लागणारा दरवाजा आणि सोबत कोण जाणार याचा निर्णय हे सर्व प्रवेशाच्या आठवड्यातच ठरवावे. चाकाची खुर्ची वापरणारे मूल असेल, तर वर्ग तळमजल्यावर घ्यावा. उतार प्रत्येक एक फूट उंचीस बारा फूट लांबी या प्रमाणापेक्षा तीव्र नसावा.

मूल अनावर झाले तर आवाज चढवू नये. बाकीच्या मुलांना कामाला लावून त्याला शांत जागी नेऊन सोबत बसावे. समजावणे नंतर, ते शांत झाल्यावर करावे. मारणे आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार बंदी आहे. फेफरे आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळात वेळ पाहावी आणि झटका पाच मिनिटांहून अधिक चालल्यास १०८ ला दूरध्वनी करावा. तोंडात चमचा घालणे, हातपाय दाबून धरणे, चप्पल किंवा कांदा हुंगवणे यांचा काहीही उपयोग होत नाही. चमच्याने तर दात आणि जबड्याला इजा होते.

वैयक्तिक आराखडा आणि पुढच्या वर्गाकडे सोपवणे

तीन महिन्यांसाठी जास्तीत जास्त तीन उद्दिष्टे लिहावीत. 'वाचनात सुधारणा होईल' हे कोणालाच तपासता येत नाही. 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाच कार्डांतून स्वतःच्या नावाचे कार्ड उचलेल' हे शिक्षक, पालक आणि विशेष शिक्षक तिघांनाही तपासता येते. एक उद्दिष्ट अभ्यासाचे, एक स्वावलंबनाचे आणि एक इतर मुलांबरोबर वावरण्याचे असावे. उद्दिष्ट गाठले गेले नाही, तर पायरी लहान करावी.

अध्ययन अक्षमतेची पडताळणी तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या सुमारास करावयाची असल्याने पहिली-दुसरीतील नोंदी तेव्हा मूल्यमापन करणाऱ्यांच्या फार कामी येतात. म्हणून एप्रिलमध्ये, निकाल लागण्याआधी, पुढच्या वर्षाच्या शिक्षकांनी या वर्गात येऊन एखादा तास बसावे आणि नोंदवही, आराखडा व चित्रांची पट्टी मुलासोबतच त्यांच्या हाती द्यावी. कुटुंब स्थलांतर करणारे असेल, तर त्यांच्या प्रती पालकांच्या पिशवीत निघण्याआधीच ठेवाव्यात आणि पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी दूरध्वनीवर बोलून घ्यावे.